सामाजिक छाती

वसईकडच्या एका गावात बस्त्यावशेठच्या रिसॉर्टचं गटार कोन्सूबायच्या विहिरीत झिरपलं आणि अख्खी आळी हगवणीनं आडवी झाली. चर्चच्या सभेत लोकांनी शेठना जाब विचारला. शेठ पडले विद्वान! मागच्या महिन्यात त्यांच्या माळ्यानं दोन नारळ उचलले, तेव्हा ते पाप एकट्या माळ्याचं होतं. गटाराचं पाप मात्र फारच गहन निघालं.

"आधुनिक ईशज्ञान वाचा जरा," शेठ म्हणाले. "असलं पाप एका माणसाचं नसतंच. ते सामाजिक असतं. आपण सगळेच दोषी आहोत."

फादरनीसुद्धा मान डोलावली. तेवढ्यात कोन्सूबाय उठली.

"पटलं, शेठ. पण रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत 'माझा अपराध' म्हणत आम्ही आपापल्या छातीवर मूठ मारतो. पाप सगळ्यांचं, तर छाती तरी ज्याची त्याची कशाला? तीही सामाजिक करू या. रविवारी तुम्ही पुढं उभे राहा. सगळा गाव रांगेनं येईल आणि तुमच्याच छातीवर मूठ मारून जाईल."

मागच्या बाकावरच्या होडीवाल्यांनी लगेच बाह्या सरसावल्या.

शनिवारच्या आत ते सामाजिक गटार बस्त्यावशेठनी अगदी वैयक्तिकरीत्या बुजवून टाकलं.