उंदीरमावशीच्या दाराच्या सतरा कड्या

फार जुनी गोष्ट. सुतारपक्ष्याने उंदीरमावशीच्या बिळाला दार केलं आणि सतरा कड्या लावल्या. सापासाठी वेगळी, मुंगसासाठी वेगळी, धुळीसाठीसुद्धा एक. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दार सताड उघडं.

"मावशी, कड्या का नाही लावल्या?"

"कुठली कधी लावायची, ते आठवत नाही रे. म्हणून एकही लावत नाही."

सुतारपक्षी रुसून तळ्याकाठी बसला. तिथे कासव ऊन खात होतं. कावळा आला, कासवाने मान अर्धी आत घेतली. घार आली, पूर्ण आत घेतली. घार गेली, मान पुन्हा बाहेर.

सुतारपक्षी उठलाच. संध्याकाळपर्यंत दाराला एकच अडसर होता आणि त्याला तीन खाचा: उघडं, फटीपुरतं, बंद.

तेवढ्यात साप आला. धाकट्या पिल्लाने अडसर शेवटच्या खाचेत सरकवला. साप बाहेर फुत्कारत राहिला आणि आत पिल्लांचं भांडण जुंपलं, पुढच्या वेळी अडसर कोण सरकवणार.