बंद घरासमोरची भिक्षा

एक वृद्ध भिक्खू कंबोडियातल्या सरोवराकाठच्या एका विहारात राहत असत. तिथली घरे उंच लाकडी खांबांवर उभी असतात. पावसाळा सरता सरता सरोवर गावात शिरते आणि घरांच्या खाली पाणी हिंदकळत राहते. त्याच दिवसांत तिथल्या ख्मेर लोकांचा पितरांचा पंधरवडा येतो. त्यांची श्रद्धा अशी, की या पंधरवड्यात यमलोकाची दारे उघडतात आणि आयुष्यभर हात आखडून जगलेले जीव प्रेतरूपाने आपल्या माणसांना शोधत येतात. त्यांच्या नावाने जिवंत माणसे जे देतील, तेवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचते.

या पंधरवड्यातले वृद्ध भिक्खूंचे एक वागणे गावाला कळत नसे. सकाळची भिक्षा झाली, की ते गावाच्या टोकाला उंचवट्यावरच्या एका बंद घरासमोर थांबत. पात्राचे झाकण काढत, नजर खाली वळवत आणि एखाद्या गृहिणीला आतून भात आणायला जितका वेळ लागेल तितका वेळ उभे राहत. मग त्या बंद दाराला उद्देशून आशीर्वादाची गाथा म्हणत आणि परतत.

त्यांच्याबरोबर पिसेथ नावाचा चाळिशीतला शिष्य असे. त्याने त्या पावसाळ्यातल्या वर्षावासापुरते भिक्खूचे चीवर घेतले होते. ते बंद घर त्याच्याच आईचे होते.

महापुराच्या साली त्या घरात भाताच्या कणग्या भरलेल्या होत्या. शेजारची तेवी तापाने फणफणलेले मूल घेऊन होडीतून आली आणि ओंजळभर तांदूळ मागू लागली. पिसेथच्या आईने शिडी वर ओढून घेतली. चार दिवसांनी तेवीचे मूल गेले. पिसेथ तेव्हा तरणा होता. पाणी ओसरल्यावर तो घर सोडून गेला, तो आईच्या अंत्यविधीलाही आला नाही.

एकदा न राहवून त्याने विचारले, "भंते, जिने जिवंतपणी कुणाला भाताचे शीत दिले नाही, ती आता काय देणार?"

"काही नाही."

"मग आपण उभे कशासाठी राहता?"

"मागायला," भिक्खू म्हणाले.

पुढे एका सकाळी त्यांचा गुडघा सुजला. ते म्हणाले, "आज तू एकटा जा. त्या दाराशी थांब मात्र. काही म्हणू नकोस, नुसता उभा राहा."

पिसेथ गेला. ऊन चांगले वर आले होते. घरासमोर त्याने पात्र उघडले आणि बाजूच्या पाण्यात कलकलणारी बदके एकाएकी गप्प झाली. आत कुणीतरी मडक्याच्या तळाशी पळी खरवडत होते. रिकाम्या मडक्याचा तो आवाज होता.

मग शिडीच्या कोरड्या पायरीवर ओले पाऊल उमटले. त्याखालच्या पायरीवर दुसरे. डाव्या पावलाची करंगळी बाहेर वळलेली होती. ते पाऊल त्याने लहानपणी रोज घरातल्या फळ्यांवर पाहिले होते. पावले त्याच्यासमोर येऊन थांबली. हातांना गारवा लागला. पात्रात काही पडले नाही. पावले वळली, शिडी चढून गेली आणि आत पुन्हा खरवडणे सुरू झाले. पुन्हा पावले उतरली. पुन्हा तो गारवा. खरवडणे आता घाईचे झाले होते, पाहुणा दारात ताटकळल्यावर बाईमाणसाची घाई होते तसे.

पिसेथ विहाराकडे पळत सुटला.

"आपल्याला हे ठाऊक होते?" त्याने धापा टाकत विचारले.

"होते."

"ती उपाशी आहे, भंते."

वृद्ध भिक्खूंनी त्याला जवळ बसवले. "लोकांना वाटते, प्रेताची भूक खाण्याची असते. तुझ्या आईची तशी नाही. तिला द्यायचे आहे. जन्मभर मिटलेला हात आता उघडला आहे आणि त्यात काहीच नाही. कर्माचे फळ म्हणतात ते हेच. कुणी शिक्षा करीत नाही, वेळ तेवढी निघून जाते. मी परका. तिच्या दाराशी मागणारे कुणीतरी आहे, एवढेच मी तिला देऊ शकत होतो. तिच्या वतीने देणारा हात तिच्या रक्ताचा हवा."

"उद्या विहारात तिच्या नावाने दान करतो."

"विहाराने कधी तिच्याकडे तांदूळ मागितले होते?"

पिसेथला तेवीची ओंजळ आठवली. त्या रात्री त्याला झोप आली नाही. आईला क्षमा करायची त्याची अजूनही तयारी नव्हती. पण ते घाईघाईचे खरवडणे कानांतून जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिक्षेने भरलेले पात्र घेऊन तो तेवीच्या शिडीपाशी आला. तेवीचे केस आता पिकले होते. ती नेहमीप्रमाणे भात वाढायला बाहेर आली, तेव्हा त्याने पात्र खालच्या पायरीवर ठेवले. दुपारनंतर भिक्खू जेवत नाहीत; त्याच्यासाठी त्या दिवसाचे अन्न एवढेच होते.

"मावशी, आज मागायला आलो नाही. हे आईकडून आहे."

तेवीने हातातली वाटी मागे घेतली. "भंते, तिचे नाव माझ्या दारात काढू नका."

"नाही काढत. घ्यायलाच हवे असेही नाही. पण तिला द्यायचे आहे."

"तेव्हा द्यायचे होते!" ती ओरडली. "माझे बाळ तोंड उघडून वर बघत होते. शिडी वर गेली तरी ते बघतच होते. पिसेथ, तू पण होतास ना रे तिथे?"

"होतो," तो म्हणाला. "मीही गप्प राहिलो."

मग तेवी सावकाश उतरली आणि पायरीवर बसली. तिने पात्रातून मूठभर भात घेतला, त्याच्याकडे पाहत राहिली आणि तोंडात घातला. तो गिळायला तिला फार वेळ लागला. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

शेजारच्या बंद घरातून खरवडण्याचा आवाज येत नव्हता.

तेवीने दुसरा घास घेतला. मग मान न वळवता ती थोडी सरकली आणि आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली. रिकाम्या बाजूची फळी हलकेच खाली वाकली.

पिसेथने हात जोडले.