कुठले म्हणायचे आपण?

"पण मग खोटं का बोलायचं, बाबा?"

बाबा पायातला काटा काढत होते.

"त्या म्हाताऱ्यानं साधं विचारलं, महाराज कुठले? तुम्ही म्हणलाव, इथलाच. गेल्या आठवड्यात उदगिरात विचारलं, तिथंबी इथलाच. एक माणूस सगळीकडचा कसा असंल?"

काटा निघाला. बाबांनी तो बाजूला टाकला आणि काठीचं टोक जमिनीवर टेकवलं.

"आत्ता पाय कुठं आहेत माझे?"

"लातुरात."

"मग?"

मल्लिनाथाला हे उत्तर पटलं नाही. बाबांची असली उत्तरं त्याला कधीच पटत नसत, तरी तो बरीच वर्षं त्यांच्या मागून चालत होता.

हातात कायम निरगुडीची काठी, म्हणून लोक त्यांना निरगुडीबाबा म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बोलण्यावरूनही त्यांचं गाव ओळखू येत नसे.

मल्लिनाथ सोलापूरचा. हे मी सांगायला नको. तो कुठंही गेला तरी पहिल्या घोटभर चहातच लोकांना ते कळून जायचं.

उदगीरचा चहा त्याला पाणचट वाटला होता. अहमदपूरचा बाजार त्याला मुंगीएवढा दिसला. एकदा वाटेत ऊन लागून तो झाडाखाली आडवा झाला, तेव्हाही डोळे मिटूनच म्हणाला, "हे काय ऊन हाय? ऊन आमच्या सोलापूरचं."

"उन्हाचाही अभिमान?" बाबांनी विचारलं.

"ऊन असावं तर कडक, बाबा. भाकरी असावी तर कडक."

बाबा हसले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

लातुरात त्या दुपारी एका बाईनं दोघांना ओसरीवर बसवून जेवू घातलं. तव्यावरची भाकरी आणि येसराचा मसाला घातलेली आमटी. मल्लिनाथ पोटभर जेवला. मग म्हणाला,

"आमटी चांगली हाय. पण आमच्या सोलापुरात भाकरीसंगं शेंगाची चटणी असतेच. मागावी लागत नाही. तिथं दारातून कुणी उपाशी जात नाही."

बाईनं आणखी एक पळी वाढायला उचलली होती. ती तशीच पातेल्यात गेली.

"हितनं तरी कोण गेलंय, महाराज?" ती हळूच म्हणाली.

बाबा एरवी चिमणीएवढं खात. त्या दिवशी त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर मल्लिनाथानं दीक्षेचा नेहमीचा विषय काढला.

"बाबा, भगवी छाटी कधी देणार?"

"सोलापुरात कोण आहे तुझं?"

"कुणी नाही."

"मग एवढं काय आहे तिथं?"

मल्लिनाथाला सांगायला खूप होतं. तलाव होता, गड्ड्याची जत्रा होती, पहाटे गाव जागं करणारा गिरणीचा भोंगा होता. हे सगळं त्यानं बाबांना शंभरदा सांगितलं होतं. आज त्याच्या तोंडून वेगळंच काही आलं.

"आईचं दार होतं."

बाबा त्याच्याकडं वळले.

"बैरागी असो, फकीर असो, आमच्या गल्लीत आला की आमच्याच दारात थांबायचा. आई उठायची. हाताला पीठ तसंच. अंगणात दगडी उखळ होतं आमचं. त्यात ती चटणी कुटायची. त्या आवाजानं मी उठायचो, भोंग्यानं नाही. भोंग्याचं मी उगीच सांगतो लोकांना."

"मग?"

"ती गेली अन् मी निघालो. भावानं घर ठेवलं की काढलं, माहीत नाही. परत गेलोच नाही."

"का?"

"...ते दार नसंल तर मी एवढी वर्षं लोकांना सांगत काय फिरलो?"

बाबांनी काठी उचलली, जरा वेळ हातात फिरवली आणि पुन्हा खाली ठेवली.

"सोलापूरला जाऊ. झोळी तू घ्यायची. भिक्षा तुझ्याच गल्लीत मागायची."

"अन् कुणी विचारलं, कुठले, तर?"

"तुला सुचेल ते सांग."

"अन् भगवी?"

"आधी भाकरी आण."

औसा, तुळजापूर करत ते सोलापूरच्या वेशीला लागले. वाटभर मल्लिनाथ लहान मुलासारखा पुढं पुढं चालत होता. तुळजापुरात कुणीतरी पेढा दिला, तर त्यानं सोलापूरच्या पेढ्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्याचं लक्षच नव्हतं.

बाबा तलावाच्या काठी सावली बघून बसले.

"मी इथं आहे," ते म्हणाले. "भूक लागली आहे, लक्षात ठेव."

मल्लिनाथ पेठेत शिरला. पाय आपोआप वळत होते. कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल गेलं होतं, तिथं मोबाइलचं दुकान होतं. गिरणीच्या दुपारच्या भोंग्याची वेळ झाली तसा तो रस्त्यात थांबला. भोंगा बंद होऊन जमाना झाला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही तो थांबला, आणि मागच्या रिक्षावाल्यानं त्याला शिवी हासडली. शिवी मात्र अस्सल सोलापुरी होती. त्याला बरं वाटलं.

पहिल्या इमारतीत वॉचमननं अडवलं. "कुणाकडं? आधी फोन करा."

दुसऱ्या दारात आतूनच आवाज आला, "पुढं जा."

तिसऱ्या ठिकाणी पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

मग त्याची गल्ली आली. त्याचं घर नव्हतं. तिथं चार मजली इमारत उभी होती, खाली स्कूटरी लावलेल्या. तो पुढंच निघून जाणार होता.

पण जिन्याशेजारी एक काळं दगडी उखळ होतं. त्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता. लहानपणी लोखंडी मुसळाशी खेळताना तो टवका त्यानंच उडवला होता आणि त्याबद्दल पाठीत धपाटा खाल्ला होता.

उखळात पाणी होतं. दोन चिमण्या काठावर बसल्या होत्या.

मल्लिनाथ तिथंच उभा राहिला. 'माय, भिक्षा' म्हणायचं त्याला सुचेना.

तळमजल्याचं दार उघडलं. एक बाई तांब्या घेऊन उखळात पाणी ओतायला आली. झोळी बघून थांबली.

"महाराज, या गल्लीत कुठं फिरायलाव? हितं कुणी दार उघडत नाही बगा. आमच्या लातुरात असं नाही. तिथं दारातून कुणी उपाशी जात नाही."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की किती लागतं, ते मल्लिनाथाला तेव्हा कळलं. तो संतापला. हे अंगण माझं आहे, हे उखळ माझ्या आईचं आहे, आणि तू लातूरची येऊन मला सांगतेस? सगळं जिभेवर आलं होतं.

"थांबा हं," बाई म्हणाली. "तवा गरमच हाय."

ती आत गेली. तो उखळाकडं बघत राहिला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

ती दोन भाकरी घेऊन आली. वर शेंगाच्या चटणीचा गोळा होता.

"चटणी हितली हाय," ती म्हणाली. "शेजारणीनं शिकवली. तेवढी एक गोष्ट चांगली हाय बगा हितली."

तिच्या हाताला मनगटापर्यंत पीठ होतं.

"हे उखळ..." मल्लिनाथानं टवक्यावर बोट ठेवलं. "हे कुणाचं?"

"काय माहीत. आम्ही यायच्या आधीपासनं हाय. गाड्यांना जागा पायजे म्हणून काढणार होते. मी म्हणलं, राहू द्या, चिमण्या पाणी पितेत."

तिनं भाकरी झोळीत घातल्या, पदराला हात पुसला आणि कौतुकानं विचारलं,

"तुम्ही कुठले म्हणायचे, महाराज?"

मल्लिनाथानं उखळाकडं पाहिलं. मग तिच्या हाताकडं पाहिलं.

"परगावचा, माय."

"तरीच," बाई म्हणाली. "हितले असता तर आमचं दार कशाला गाठलं असतं? आम्हीबी परगावचेच. या बरं पुन्हा."

तो तलावाकाठी परत आला तेव्हा बाबा काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यानं झोळी पुढं ठेवली. बाबांनी भाकरी मोडली, चटणी लावली, अर्धी त्याच्या हातात दिली. दोघं खाऊ लागले.

"कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"चांगली हाय."

बाबा वाट बघत राहिले. सोलापूरची बढाई आलीच नाही.

"दार होतं?"

"दार नाही, बाबा. घरच नाही. उखळ हाय. त्यात चिमण्या पाणी पितेत."

"भाकरी कुणी दिली?"

"तिथंच राहणाऱ्या बाईनं. लातूरची हाय ती." त्यानं घास गिळला. "तिनं विचारलं, कुठले म्हणून."

"मग?"

"मी खोटं बोललो."

बाबांनी आणखी एक घास मोडला.

"इथलाच म्हणलो असतो तर खरं झालं असतं, बाबा. तुम्ही सगळीकडं म्हणता, मला एवढ्या एकाच ठिकाणी म्हणता आलं असतं. पण ती ओशाळली असती. लातुरातली ती बाई ओशाळली होती, पळी हातात धरून. मला आज आठवलं."

त्याला रडू आलं. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता, निघून गेला होता. ते रडणं बहुधा तिथंच राहिलं असावं, उखळापाशी. आता भाकरी हातात धरून तो खुशाल रडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं. सोलापूरच्या माणसांनी काय झालं म्हणून विचारलंही, कारण तिथली माणसं विचारतातच. बाबांनी हातानंच त्यांना पुढं जा म्हटलं.

"भगवी नको मला आत्ता," तो डोळे पुसत म्हणाला. "अजून सुटलं नाही काही."

बाबांनी खांद्यावरची आपली भगवी छाटी काढली. उरलेली भाकरी तिच्यात बांधली, गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या काखेत दिलं.

"धर," ते म्हणाले. "वाटेत लागेल."

चार दिवसांनी ते मंगळवेढ्याला पोचले. पारावर एक म्हातारा बसला होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जगात तोड नाही, हे त्यानं रामराम व्हायच्या आधीच सांगून टाकलं. मग घरून भाकरी मागवली, कांदा फोडला आणि दोघं खातात कसे ते टक लावून बघत बसला.

"कशी आहे ज्वारी?"

"चांगली हाय, आबा," मल्लिनाथ म्हणाला आणि आणखी एक चतकोर मागून घेतली.

म्हातारा खूश झाला. पाय वर घेऊन नीट बसला.

"कुठले म्हणायचे आपण?"

मल्लिनाथानं बाबांकडं पाहिलं. बाबा पायातला काटा काढत होते.

"इथलाच," मल्लिनाथ म्हणाला.

"इथले?" म्हातारा चक्रावला. "अहो, माझा जन्म इथं गेला. कधी दिसला नाहीत ते!"

काटा निघाला. बाबांनी तो बाजूला टाकला.

"त्याचं ऐकू नका," ते म्हणाले. "सोलापूरचा आहे तो. तिथं दारातून कुणी उपाशी जात नाही."