ठकूचं मलम आणि देवळावरचा भोंगा

एका गावात एक भोळा गडी होता. म्हाळू त्याचं नाव. कामाला वाघ, बायकोवर जीव. पण ऐकलेली गोष्ट लावायची कुठं, एवढंच काय ते त्याला कळत नसे.

त्याच्या बायकोला, ठकूला, खाज सुटली. हाताला नाही, पायाला नाही. लघवीच्या जागी, बाहेरच्या नाजूक कातडीला. आता हे सांगायचं कुणाला? बिचारी साबणानं धुवायची. घटकाभर बरं वाटायचं, मग दुप्पट खाज. खुरपायला बसली की उठायची, उठली की बसायची. जावा म्हणायच्या, "ठके, वारुळावर बसलीस का गं?" शेवटी लाज गिळून ती आरोग्य केंद्रात गेली.

नर्सबाईनं तपासलं. म्हणाली, "घाबरू नको. कातडी कोरडी पडलीय, आणि साबणानं तू ती आणखी सोलतेयस. तिथं साबण अजिबात नको. साबणाच्या जागी हे साधं मलम लाव, नुसत्या पाण्यानं धू, मऊ फडक्यानं टिप, मग पुन्हा हलका हात फिरव मलमाचा. रोज दोन्ही वेळ. पंधरा दिवसांत उतार नाही पडला, तर डॉक्टरांना दाखवू."

ठकूनं डबी आणून फळीवर ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे खाजेचं मलम. खाज सुटली की लावायचं." आणि गेली पाण्याला.

इकडं गोठ्यात म्हैस खुंटाला पाठ घासत होती. म्हाळूनं पाहिलं. खाजच की ही! अख्खी डबी म्हशीला चोपडली. ठकू येऊन बघते तो म्हैस लखलखतेय.

"अहो, हे काय केलंत?"

"तिला खाज सुटली होती."

"जनावराचं नव्हे ते! माणसानं साबणाच्या जागी लावायचं!"

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी म्हाळू केंद्रातून नवी डबी घेऊन घरी निघाला. वाटेत ओढा लागला. धोतर मळलेलं, जवळ साबण नाही. त्याला आठवलं, साबणाच्या जागी मलम! बसला धोतराला मलम चोळत. मळ होता तिथंच राहिला. वर धोतर असं बुळबुळीत झालं की गाठ मारावी आणि सुटावी. एका हातात धोतर आणि दुसऱ्या हातात रिकामी डबी, असा घरी आला.

ठकूनं कपाळावर हात मारला. तिचा जीव नुसता नकोसा झालेला. "जा परत! आणि नर्सबाईला झालेलं सगळं सांगा."

म्हाळू गेला. केंद्रात ही गर्दी. तो नर्सबाईच्या कानाशी पुटपुटला.

"काय कुजबुजताय, म्हाळूभाऊ? दुखण्याची कसली लाज? खणखणीत बोलावं माणसानं! डब्या संपल्यात, शुक्रवारी या."

शुक्रवारी केंद्राला कुलूप. नर्सबाई देवळात, पोरांना पोलिओचे थेंब पाजतेय. पुजारी भोंग्यावरून आयांना बोलावतोय. म्हाळूला आठवलं, खणखणीत बोलावं. त्यानं पुजाऱ्याच्या हातातला माईक घेतला.

"नर्सबाई! मी म्हाळू! माझ्या ठकूला लघवीच्या जागी खाज आहे! पहिली डबी म्हशीला लागली, दुसरी धोतराला! तिसरी द्या!"

चार वाड्या-वस्त्यांवर ऐकू गेलं. ठकू भाकरी थापत होती. हात परातीतच राहिला. उठली, दाराला कडी घातली, घोंगडं डोक्यावरून घेऊन बसली. आता पाणवठ्यावर जायचं कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात दार वाजलं. "ठके, मी गं, सरपंचीण. एकटीच आहे. कोणतं मलम गं ते?"

दार उघडलं तर मागं गोदाआत्या. तिच्यामागं पदरात तोंड लपवून पुजारीणकाकू.

"चार वर्षं सोसतेय मी," सरपंचीण म्हणाली.

"मी मेली तर कपड्यांचा साबण लावते!" गोदाआत्या म्हणाली.

ठकू आधी बघतच राहिली. मग अशी हसायला लागली की घोंगडं घसरलं. नर्सबाई डब्यांचं खोकंच घेऊन आली. एकेकीला आत नेऊन तपासलं, मग ओसरीवर बसून सगळ्यांना रीत सांगितली. पंधरा दिवसांत ठकू एका बैठकीत अख्खा वाफा खुरपू लागली. सरपंचीण, आत्या, काकू, तिघीही निवांत झाल्या. तरी नर्सबाईनं बजावलं, "खाज गेली म्हणून मलम सोडायचं नाही हं."

जाताना तिनं म्हाळूला बाजूला घेतलं. "भाऊ, या खेपेला निभावलं. पण बाईचं दुखणं चारचौघांत सांगायच्या आधी तिला विचारायचं. समजलं?"

"समजलं."

म्हाळूनं रात्रभर विचार केला. या तिघींना आलेला गुण गावाला कळला, तर आणखी कितीजणी सुखी होतील! पण आता तो शहाणा झाला होता. न विचारता एक शब्द बोलायचा नव्हता.

सकाळी उठून तो देवळात गेला आणि माईक तोंडाशी धरला.

"सरपंचीणबाई! गोदाआत्या! पुजारीणकाकू! मी म्हाळू! तुमच्या लघवीच्या जागची खाज मलमानं गेली, हे गावाला सांगू का? तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही!"