आई पायी निघाली

पूर्वी प्रतिष्ठान नगरात कुणी एक राजा राज्य करत होता. त्याचं या गोष्टीत काही काम नाही, त्याला तिकडं बसू द्या. त्या वेळी बोधिसत्त्व गोदावरीकाठच्या एका तळ्यावर करकोचा होऊन जन्माला आले होते. बोधिसत्त्व झाले तरी काय, पाय एका जागी ठरत नव्हता! थवा हिमालयाकडं निघाला की हे सगळ्यात पुढं. पुढं गेले की आई मागं राहिली म्हणून जीव वरखाली, की फिरले परत मागं. आई दिसली की पुन्हा पुढं. बाकीचे करकोचे एका खेपेत हिमालय गाठायचे, हे तेवढ्यातच दुप्पट उडायचे.

एका साली आई पारध्याच्या जाळ्यात सापडली. सुटली, पण पंख मोडला तो मोडलाच. चैत्र लागला, तळं आटत चाललं, चिखलाला भेगा पडल्या. कोल्हे काठापर्यंत येऊ लागले. थव्याला निघणं भाग होतं, आणि मागं राहिलेला पुढच्या साली दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बोधिसत्त्व कधी या पायावर, कधी त्या पायावर. थव्याचा म्होरक्या लांबमान्या वैतागला.

“येतोस का राहतोस ते एकदाचं सांग की! नाचून नाचून चिखल केलास सगळा.”

आई म्हणाली, “घेऊन जा बाबा याला. इथं राहिला तर कोल्ह्याच्या आधी हाच खाईल मला.”

करकोच्यांची एक रीत होती. मागं राहणाऱ्यानं थवा दिसेनासा होईपर्यंत ओरडत राहायचं आणि वरच्यांनी वळून बघायचं नाही. थवा उडाला. बोधिसत्त्व कान देऊन वाट बघत राहिले. खालून आवाजच नाही! एक माळ गेला, दुसरा गेला, तरी नाही. शेवटी रीत मोडून त्यांनी मागं बघितलं. तळं रिकामं. आणि माळावर एक करडा ठिपका, उत्तरेकडं तोंड करून टांगा टाकत चाललेला.

ते झरकन खाली उतरले. “आई, कुठं निघालीस?”

“हिमालयात.”

“पायी?”

“मग काय, तू पाठीवर घेतोस? पंख मोडलाय माझा, तंगड्या धड आहेत.”

“आणि ओरडली का नाहीस?”

“मागं राहिलेच नाही, तर ओरडू कशाला?”

तेव्हा बोधिसत्त्वांनी थवा सोडला आणि आईबरोबर चालू लागले. चालू लागले म्हणजे काय, चार पावलं चालायची आणि भुर्रकन उडून पुढची टेकडी बघून यायची. आई दर बेडकापाशी थांबणार, यांच्या पंखांना खाज सुटणार. एकदा लांबवर नदी चमकली. एवढी बघून येतो म्हणाले आणि पार तिच्या काठापर्यंत गेले.

परत आले तर आई बोरीच्या काट्यांना पाठ लावून उभी, चांगला पंख पसरलेला, समोर कोल्हा. जमिनीवर पिसं. बोधिसत्त्व चोच पुढं करून असे कोसळले की कोल्हा शेपूट घालून पळाला. आईच्या पायातून रक्त येत होतं.

“पाणी किती लांब आहे?” तिनं विचारलं.

“तू मेली असतीस!”

“मेले असते तर विचारलं नसतं. किती लांब?”

बोधिसत्त्वांनी चोचीनं नदीकडं दाखवलं. त्यांनी दोन्ही पंख मिटले, आणि त्या दिवसापासून आईच्या लंगड्या पावलाशी पाऊल लावलं. सोपं नव्हतं ते. वरून दुसरे थवे जायचे, साद घालायचे, यांचे खांदे आपोआप उचलायचे. आई नुसती तिरक्या डोळ्यानं बघायची. खांदे खाली यायचे. दर साली वरून ओलांडलेल्या माळाला मोहाच्या फुलांचा वास असतो, हे त्यांना तेव्हा कळलं. नदी लागली. आई वाचली.

हिमालय मात्र आला नाही. पावसाळा सरला, थवा परतला, लांबमान्या नदीकाठी उतरून हसायला लागला.

“काय म्हातारे, एवढंच आलात?”

“तुम्ही परत फिरलात,” आई म्हणाली, “आम्ही अजून चाललोच आहोत.”

त्या वेळचा लांबमान्या म्हणजे आताचा शिष्य आनंद, आई म्हणजे महामाया, आणि तो करकोचा म्हणजे खुद्द तथागत. कोल्हा कोण म्हणाल, तर दर खेपेला तथागतांच्या वैऱ्यावर, बिचाऱ्या देवदत्तावर ढकलतात, पण तो नुसता कोल्हाच होता. आपल्याला पंख असताना दुसऱ्याच्या पावलानं चालायचं, याला क्षांती म्हणतात. बोधिसत्त्वांनाही ती फार जड गेली.