भोपळ्याच्या लग्नाचा दिवस

नदीकाठच्या एका गावात दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला भोपळ्यांचं लग्न लागत असे. पलीकडच्या वाडीचा दुधी भोपळा नवरदेव, गावचा लाल भोपळा नवरी. दोघांना मुंडावळ्या बांधत, मंगलाष्टका म्हणत आणि मग त्यांचीच भाजी करून दोन्ही काठांची माणसं एका पंगतीला जेवत.

त्याच गावात ठकूबाई नावाची म्हातारी राहत होती. तिचा नवरा गणोजी नावाडी होता. बारा वर्षांपूर्वी याच दशमीला तो वऱ्हाड आणत असताना नदीला अचानक लोंढा आला. नाव उलटली. गणोजीनं एकेकाला ओढून काठाला लावलं. नावेतली सातही माणसं वाचली. गणोजी मात्र वर आला नाही.

पहिल्या वर्षी त्याच्या नावानं दिवा लावायला सगळं गाव घाटावर आलं. दुसऱ्या वर्षी निम्मं आलं. मग लोक म्हणू लागले, "लग्नाच्या दिवशी रडणं बरं नव्हे." पुढे घाटावर ठकूबाई एकटीच उरली.

यंदाही दुपार कलल्यावर ती दिवा लावून बसली. गावातून सनई ऐकू येत होती. एवढ्यात पलीकडून हाका आल्या, "अहो नाववाले! नवरदेव खोळंबलाय!"

नवा नावाडी आपली नाव वरच्या धक्क्याला बांधून मांडवात गुंतला होता. काठाला ठकूबाईची मासे धरायची होडी तेवढी होती.

ती उठली नाही. 'ज्या लग्नापायी माझा धनी गेला, त्याचं वऱ्हाड मी आणू?' हाका चालूच राहिल्या. मग तिला वाटलं, धनी असता तर पहिल्याच हाकेला उठला असता. तिनं दिवा दगडाच्या आडोशाला ठेवला आणि वल्हं उचललं.

पलीकडच्या काठावर होडीत पाच जण बसले. एका मुलीच्या मांडीवर सजवलेला भोपळा होता. ती म्हणाली, "आजी, तुम्ही लग्नाला नाही गेलात?"

"आज माझ्या धन्याचा दिवस आहे, बाळ. असंच वऱ्हाड आणताना बुडाला तो."

होडीतलं हसणं थांबलं. बाजीबा नावाचा एक म्हातारा मान खाली घालून बसला होता. काठ जवळ आला तसा तो म्हणाला, "वहिनी, मला पाण्यातून त्यांनीच ओढून काढलं. दरसाल या दिवशी तुमच्या गावात जेवून जातो मी. घाटावर एकदाही थांबलो नाही."

ठकूबाईला राग आला. पण म्हातारा रडत होता. ती वल्हं मारत राहिली.

होडीतून उतरल्यावर बाजीबा मांडवाकडे गेला नाही, दिव्यापाशी बसला. बाकीचेही बसले. वऱ्हाडाला उशीर का झाला म्हणून गावकरी वाजतगाजत घाटावर आले. समोरचं पाहून सनईवाल्यानं सनई खाली घेतली. एकेक जण खाली बसला. बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज येत होता.

शेवटी ठकूबाईच म्हणाली, "आता चला. मुहूर्त टळेल. हसायला आलेली माणसं उपाशी जायला नकोत."

लग्न लागलं. ठकूबाई पंगतीत बसून चार घास जेवली. नंतर घरी निघाली, तेव्हा बाजीबा आणि ती मुलगी तिला पोचवायला आले. घर रोजच्यासारखंच रिकामं होतं. दारात मुलीनं विचारलं, "आजी, ते दिसायला कसे होते?"

बारा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. ठकूबाई उंबऱ्यावर टेकली आणि सांगू लागली.

तात्पर्य: सणाच्या दिवशी खुशाल हसावं; पण तोच दिवस शेजारच्या कुणाच्या दुःखाचा असेल, तर आधी घटकाभर त्याच्यापाशी जाऊन बसावं.