पाव न आणण्याचा धडा

एकदा एक इंग्रज तरुणी फ्रान्समधल्या एका लहानशा गावात सुईणीचे काम शिकायला आली. गावची सुईण नामांकित, आणि तितकीच परखड. ती म्हणाली, "हात चांगले आहेत तुझे. पण अडलेल्या बाईशी चार शब्द बोलता येत नसतील, तर नुसते हात काय कामाचे? द्राक्षांची तोडणी सुरू होईपर्यंत आमची भाषा शीक. नाही जमली, तर आपल्या घरी परत जा."

तरुणी मुळातच भित्री. दार वाजले तरी दचकायची. गावातल्या एका वृद्ध शिक्षकांकडे ती शिकू लागली. घशातून खरडून काढायचा 'र' तिला जमेना. लिहिलेली निम्मी अक्षरे उच्चारायचीच नाहीत, हे पटेना. शिवाय फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूही 'तो' नाहीतर 'ती'. आपल्याकडेही भाकरी 'ती' आणि पाव 'तो', त्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण इंग्रजीत वाढलेल्या मुलीने टेबलाला बाई का म्हणून समजावे? तरी तिने सारे घोकून घोकून पाठ केले.

रोज सकाळी गुरुजी तिला पाव आणायला धाडत. वाटभर ती वाक्य घोळवी आणि दुकानात पाऊल टाकताच 'कृपया' लावून एका दमात, बिनचूक म्हणून टाकी. आणि रोज बेकरीवाली बाई तोंड वाकडे करून इंग्रजीतच विचारी, "वन? टू?"

"गुरुजी, माझे चुकते तरी काय?" एके दिवशी तिला रडूच फुटले. "तोडणीला तीन आठवडे राहिले!"

गुरुजींनी तिची वही मागून घेतली आणि फडताळात ठेवून दिली. "उद्यापासून पाव आणू नकोस. दुकानात जा, 'बोंझूर' म्हणून नमस्कार कर, बाईंचे उत्तर ऐक आणि परत ये."

"आणि पाव?"

"नको."

"अहो, त्या मला वेडी समजतील!"

"समजू देत."

पहिल्या दिवशी बाईने 'बोंझूर' म्हणून पावाला हात घातला, तोवर ही दाराबाहेर! तिसऱ्या दिवशी रांगेतला एक गवंडी म्हणाला, "आली बघा, वास घेऊन पोट भरणारी!" तिला धरणी दुभंगावी असे झाले. पण ती जात राहिली. सहाव्या दिवशी बाईने कमरेवर हात ठेवले. "अगं पोरी, तुझा म्हातारा मास्तर हल्ली खातो तरी काय?"

प्रश्न फ्रेंचमध्ये होता. पाठ केलेले काहीच उपयोगाचे नव्हते. "सूप," ती दचकून म्हणाली, तेही चुकीच्या उच्चारात. रांग हसली. बाईही हसली, पण तिने तो शब्द तिच्याकडून तीनदा वदवून घेतला. मग सूप कसले, मीठ किती, अशी विचारपूस रोजच सुरू झाली.

"गुरुजी, आज माझ्या चौदा चुका झाल्या," ती धापा टाकत सांगू लागली, "तरी बाई एकदाही इंग्रजीत बोलल्या नाहीत!"

वृद्ध शिक्षक म्हणाले, "मुली, तुझ्या देशात 'कृपया' म्हटले की सौजन्य झाले. इथे आत येणारा आधी माणसाला अभिवादन करतो, उत्तराची वाट पाहतो, मग काम सांगतो. तू वाक्य जपून आणत होतीस. समोरच्या बाईकडे पाहतच नव्हतीस. तिला ते उर्मट वाटे. ग्रंथातून भाषेचे ज्ञान मिळते, भाषा मात्र मिळते ती ऐकणाऱ्याच्या सबुरीतून. आणि सबुरी ही मागून घ्यावी लागते."

तोडणीच्या चार दिवस आधी सुईणीने तिला कळा सुरू झालेल्या एका बाईच्या घरी सोबत नेले. ती बाई घाबरलेली होती. तरुणीने आधी नमस्कार केला, तिच्याकडे पाहिले आणि उत्तराची वाट पाहिली. मग अडखळत विचारले, "कुठे दुखते?" बाई बोलू लागली. एक शब्द हिला कळला नाही. हिने तो पुन्हा विचारला. तिने कळा सोसत पुन्हा सांगितला. पहाटे मुलगी झाली.

निघताना सुईण एवढेच म्हणाली, "सोमवारपासून माझ्याकडे ये."

तरुणी परतताना विचार करत राहिली, की वेदनेतही त्या बाईने आपल्यासाठी शब्द दुसऱ्यांदा उच्चारला. एवढे मोठे दान आपल्याला आजवर कुणी दिले नव्हते. तिने वळून त्या घराला हात जोडले.

आपले अडखळणे जो थांबून ऐकतो, तोही आपला गुरूच असतो.